आक्काला आणायची गाडी

डिचोलीच्या बाजारात फार्मासी चालवणाऱ्या काकांवर अन्याय झाला. गेल्या वर्षी, चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीच्या रविवारी, सकाळी साडेदहा-अकराच्या दरम्यान, शिवोलीचा पूल ओलांडून मोरजीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. करणारा त्यांचा सख्खा पुतण्या. कशाने, तर मासळीच्या बर्फाच्या पाण्याने.

कोणावर, कधी, कुठे आणि कोणी, हे पहिल्याच ओळीत सांगायचं, अशी आम्हा पत्रकं लिहिणाऱ्यांची शिस्त आहे. म्हणून सांगून टाकलं. आता हसू आलं असेल तर हसून घ्या. बर्फाच्या पाण्याने कुणावर अन्याय कसा होतो, असं मलाही कुणी विचारलं असतं तर मी हसलेच असते.

काका माझे कोणी नव्हते. मी लाटंबार्शाची. डोंगर कापून प्लॉट पाडणाऱ्यांविरुद्ध आमचं काम चालतं, त्यासाठी डिचोलीत एक खोली हवी होती. बाजारात तीन जणांनी आमचं काम ऐकून खोली नाही म्हटलं. काकांनी काम विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, दिवसाला पाणी किती पितेस? मी म्हटलं, तहान लागेल तेवढं. ते म्हणाले, म्हणजे कमी. आणि दुकानाच्या वरच्या खोलीची चावी काढून दिली.

काकी गेल्यापासून ते एकटेच होते. मूलबाळ नाही. उंच, वाळकुडे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात पेनाशेजारी थर्मामीटर. दुकानात घाईने आलेल्या गिऱ्हाइकाला ते हटकून बाकावर बसवायचे. ताप आहे, गोळी द्या, असं कुणी म्हटलं की आधी पाण्याचा पेला पुढे यायचा. "ताप म्हणजे आजार न्हय, निरोप," असं ते म्हणत. निरोप्याला मारून काय मिळणार? लोक कंटाळून समोरच्या मोठ्या, काचेच्या दुकानात जायचे. काकांना त्याचं काही नव्हतं. कुणी भांडत आलं, सून रुसली, आमच्यावर पोलिसांत तक्रार झाली, पंचायतीने ठराव फिरवला, सगळ्यावर त्यांचं एकच उत्तर असायचं. आदीं निवूं दे. आधी थंड होऊ दे.

माझी पत्रकं ते छापायच्या आधी वाचत. चष्मा कपाळावर, कागद नाकाशी. वाचून झालं की म्हणायचे, सगळं उकळतंय, पण कुठे वाहत नाही. मला संताप यायचा. डोंगर खाली येतोय आणि हे म्हणतात निवूं दे. मी तसं तोंडावर बोललेही आहे. ते फक्त म्हणाले, उकळत्या पाण्याचं झाकण काढायचं नसतं, बाये, हात भाजतो आपलाच.

हे ते माझ्याविषयी बोलत नव्हते, गाडीविषयी बोलत होते. त्यांचं बरंचसं बोलणं गाडीविषयीच असे.

दुकानामागच्या पडवीत काळी मॉरिस उभी असायची. त्यांच्या वडिलांनी पोर्तुगीज अमदानीत घेतलेली, वास्कोच्या बंदरावर उतरवलेली. तिच्यात बसून काकांची थोरली बहीण, आक्का, लग्न होऊन पेडण्याला गेली. तेव्हापासून दर चवथीला तिच्यातूनच आक्का माहेरी येते. आधी वडील आणायला जायचे, मग काका. वर्षात गाडीचा मोठा प्रवास तो एकच, डिचोली ते पेडणे आणि परत, आणि पाच-सात दिवसांनी आक्काला पोचवायला पुन्हा तेवढाच. बाकी वर्षभर तयारी.

तयारी म्हणजे पाणी. त्या जातीच्या जुन्या गाडीत पाणी फिरवणारा पंपच नसतो. इंजिनाभोवतीचं पाणी तापतं, हलकं होतं, वरच्या रबरी नळीने रेडिएटरमध्ये चढतं. तिथं वाऱ्याने निवतं, जड होतं आणि खालच्या नळीने आपणहून परत इंजिनाकडे उतरतं. कोणी ढकलत नाही, कोणी ओढत नाही. काकांना ह्याचं केवढं कौतुक. पाणी वरच्या नळीच्या तोंडाच्या खाली गेलं की फेरा तुटला, आणि फेरा तुटला की इंजिन पेटलं. म्हणून रोज सकाळी देवाला फूल घालायच्या आधी झाकण उघडून बोट बुडवून बघायचे.

आमच्याकडचं पाणी खाणीच्या मातीने लाल. ते गाडीला चालायचं नाही. कौलांवरची धूळ धुऊन गेली, आषाढ सरत आला, की ते पन्हाळीखाली काचेच्या बरण्या मांडायचे. ते पावसाचं पाणी दुकानातल्या कापसातून गाळायचं, बूच लावून ठेवायचं. वर्षभर गाडीला तेच. मला मात्र नळाचं.

आणि चवथीच्या आधी रेडिएटरची आंघोळ. आपल्याकडे त्या दिवसांत घरोघरी समया, तांबे, ताम्हणं सोलांनी, म्हणजे आमसुलांनी, घासतात. काकांचं म्हणणं, रेडिएटरसुद्धा पितळेचाच आहे, नळ्या तांब्याच्या आहेत, मग ह्याला वेगळा न्याय कशाला? देवाची भांडी घासून झाली की सोलांचं पाणी फडक्यातून गाळून ते रेडिएटरमध्ये भरत, इंजिन थोडा वेळ चालवत, निवू देत आणि खालची तोटी सोडत. तपकिरी, गंजाचं पाणी पडवीतून वाहत माडाच्या बुडाशी जायचं. मग साधं पाणी, पुन्हा तोटी. पडणारं पाणी पेल्यात धरून उजेडात बघायचे, लघवीची तपासणी करावी तसे. नितळ दिसलं की हात धुवायचे.

गळती शोधायलाही औषधवाल्याचीच युक्ती. रेडिएटरवर लहान बाळांची पावडर भुरभुरायची. जिथं ओली होईल तिथं भोक. जाळीत अडकलेले पतंग, मुंग्या ते बाळाच्या दातांच्या मऊ ब्रशने काढत, पितळी पापुद्रे वाकू नयेत म्हणून. नळ्या दाबून बघत, नाडी बघावी तशा. एकदा बाजारातल्या कुणी त्यांना सांगितलं, गळतंय तर हळद टाका आत, भोक बुजतं. सगळे ड्रायव्हर तेच करतात. काका त्या माणसाशी कित्येक दिवस बोलले नाहीत. मग एकदा तो खोकल्याचं औषध न्यायला आला तेव्हा म्हणाले, हळद जखमेवर लावतात, शिरेत भरत नाहीत.

आता कबूल करायला हरकत नाही की मला ती गाडी डोळ्यांत खुपायची. एका ग्रामसभेला आम्हाला वेळेत पोचायचं होतं आणि स्कूटर बंद पडली. मी काकांकडे गाडी मागितली. ते नाही म्हणाले. कारण विचारलं तर म्हणाले, ही आक्काची. मी त्यांना बरंच सुनावलं. माणसं बसने लोंबकळत जातात आणि ही गाडी एका म्हातारीसाठी वर्षभर झोपून राहते, असलं काहीतरी. आमच्यासाठी त्यांनी टॅक्सी बोलावली. आणि जाताना म्हणाले, ह्या चवथीला तू चल माझ्याबरोबर.

मी गेले. पेडण्याला जायला पाऊण तास पुरतो, आम्ही सकाळी निघून दुपारी पोचलो. कोलवाळच्या पुलापर्यंत सगळं ठीक. धारगळच्या चढावर तापमानाच्या काट्याने मान वर काढली, तशी काकांनी गाडी फणसाखाली घेतली, इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं आणि मागच्या सीटवरून थर्मास काढला. मी रेडिएटरच्या झाकणाकडे बघितलं तर म्हणाले, हात लावू नकोस. करायचं काय मग? काही नाही. चहा प्यायचा. पिऊन झाला की कोप, म्हणजे पेला, धुवायचा आणि दगडावर पालथा घालायचा. कोप सुकला की झाकण उघडायचं. ते त्यांचं माप होतं. थंड पाणी तापल्या लोखंडावर कधीच घालायचं नाही, लोखंड तडकतं. घालायचंच तर निवल्यावर, इंजिन चालू ठेवून, थेंबाथेंबाने. रस्त्याने जाणारे लोक गाडी थांबवून विचारत होते, पाणी हवं का? एकाने तर बाटली पुढे केली. काका हात जोडून सगळ्यांना वाटेला लावत होते. मी त्या दगडावरच्या कोपाकडे बघत बसले होते. मला वाटतं, मोठेपणी इतका वेळ काही न करता मी पहिल्यांदाच बसले.

आक्का पुढच्या दारातल्या सोप्यावर तयार बसली होती. नऊवारी, मांडीवर पिशवी, पिशवीत नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा. काकांपेक्षा मोठी आणि काकांपेक्षा चटपटीत. उशिराबद्दल तिने भावाला जे झाडलं ते सगळं इथं लिहिता येणार नाही. एक वाक्य लिहिते. "माका न्हेवक येताना ही तापता, आणि परत पोचवूक जाताना थंडगार. गाडयेक सुद्धा कळता, माहेरवाशणीक किती दिस ठेवची ती." काका लाजून हसले. मग ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली की ह्याने लहानपणी तिच्या बाहुलीला ताप आला म्हणून तिला विहिरीत बुडवली होती, तेव्हापासून शहाणा झालाय. परतीच्या वाटेवर ती पुढे बसली. घरं, देवळं, शेतं दाखवत, कोण गेलं, कोण विकून गेलं, सांगत. जिथं नवा बंगला दिसेल तिथं ती गप्प व्हायची. काका गाडी हळू चालवत होते. गाडीसाठी नव्हे, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवसापासून मी गाडीबद्दल बोलणं बंद केलं.

आता पुतण्या. काकांच्या धाकट्या भावाचा मुलगा. माणूस वाईट नाही, हे मला लिहावंच लागेल. काकांनी माझ्याकडून ते वदवून घेतलं असतं. मोरजीला त्याने किनाऱ्याजवळ रिसॉर्ट काढलं. उद्घाटन त्याच्या पुढच्या, म्हणजे गेल्या वर्षी, चवथीच्या आधीच्या रविवारी. तो आला आणि म्हणाला, आजोबांची गाडी दारात उभी राहिली तर घराण्याचं नाव होईल. मागितली ती हक्काने. आणि हक्क होताच. काकांनी एकच अट घातली, चालवणार मी.

रविवारी सकाळी पुतण्या फोटोवाल्याला घेऊन आला. अंगात पांढरे कपडे, डोळ्यांवर काळा चष्मा. फोटोत गाडी त्याने चालवताना दिसायला हवी होती. काका, तुम्ही मागून आरामात या, एसी गाडी आहे, म्हणाला. त्याने बरोबर आणलेले पाहुणे बघत होते. काका चारचौघांत वाद घालणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी खिडकीतून आत वाकून एवढंच सांगितलं, तापली तर थांब. काही करू नको.

काका आणि मी त्या एसी गाडीतून मागोमाग निघालो, पण शिवोलीच्या पुलाआधी गर्दीत आमची आणि मॉरिसची चुकामूक झाली. पर्यटकांच्या गाड्या, भाड्याच्या स्कूटर, सगळं एकमेकांना चिकटून सरकत होतं. अशा संथ चालीत त्या गाडीला वारा मिळत नाही. काका काचेला नाक लावून बसले होते. एसीत त्यांना घाम आला होता.

पूल ओलांडून थोडं पुढे गेलो तर वाफ दिसली. बॉनेट उघडं, पुतण्याच्या खांद्यावर फडकं, झाकण रस्त्यावर पडलेलं. मागे मासळीचा टेंपो अडकला होता. त्याच्या पेटीतून कुणीतरी बर्फाच्या पाण्याच्या बादल्या भरून दिल्या होत्या. एक आत गेली होती. दुसरी पुतण्या ओतत होता.

काका धावले. मी त्या माणसाला कधी भरभर चालतानाही पाहिलं नव्हतं. चप्पल एक रस्त्यात राहिली. ते पोचेपर्यंत दुसरी बादली रिकामी झाली होती. इंजिनाच्या कुशीतून पाण्याची बारीक धार रस्त्यावर पडत होती आणि सगळीकडे बांगड्यांचा वास सुटला होता.

पुतण्या गोंधळून म्हणाला, "काका, पाणीच तर घातलं."

तो खोटं बोलत नव्हता. तापलेल्यावर पाणी घालावं, आजूबाजूला मदतीला आलेल्या प्रत्येकाने हेच केलं असतं. आपण सगळे हेच करतो. काकांनी रेडिएटरवर तळवा ठेवला, तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. बराच वेळ काढला नाही.

"ताप उतरलो," ते म्हणाले.

म्हापशाच्या जुन्या मेस्त्रीने बघितलं. इंजिनाचा ब्लॉक वीतभर तडकला होता. जोडता येईल, तो म्हणाला, लोखंडाला टाके घालतात, पण दोन-तीन महिने जातील. पुतण्याने हात पुढे करून जबाबदारी घेतली. मी करून घेतो, काका, माझ्या माणसांकडे गाडी राहू दे. काकांनी हो म्हटलं.

चवथीच्या आदल्या दिवशी ते टॅक्सीने पेडण्याला गेले. मी बरोबर होते. आक्का तशीच, सोप्यावर, मांडीवर पिशवी. तिने टॅक्सी बघितली, तिच्या मागे रस्ता बघितला.

"गाडी खंय?"

"तिका ताप इलो आसा, आक्का."

आक्का त्यांच्याकडे बघत राहिली. "मगे तू हंय कित्याक इलंस? आजारी माणसाक एकट्याक टाकून येतत काय?" तिने पिशवीतून नेवऱ्यांचा डबा काढून माझ्या हातात दिला. "जा. तिच्याकडे बस. मी फुडल्या वर्सा येतंय."

तिला दुसऱ्या गाडीतून यायचं नव्हतं असं नाही. मला वाटतं भावाचा चेहरा बघून तिने त्याला घरी धाडलं. परतीच्या वाटेवर काका पुढच्या सीटवर बसले नाहीत. मागे माझ्याशेजारी बसले, डबा मांडीवर घेऊन.

त्यानंतर दर रविवारी ते पुतण्याला फोन करत. पार्ट यायचाय. मेस्त्री गावाला गेलाय. सीझन संपू दे, काका. काका त्याला ओरडले नाहीत. आदीं निवूं दे, असंच ते त्याच्याशी वागले. आणि मी हे आता लिहिते, कारण हे मला अजून पचत नाही: तो थंडपणा पुतण्याला सोयीचा पडला. समोरचा आरडाओरडा करत नाही म्हटल्यावर आपण त्याचं काहीही नेऊ शकतो.

नाताळच्या दिवसांत दुकानात एक तरुण गिऱ्हाईक आलं. फोनवरचा फोटो कौतुकाने दाखवू लागलं. रिसॉर्टच्या दारात काळी मॉरिस. तिच्यात बायको बसलेली, हसत. बॉनेट उघडं, आणि जिथं इंजिन असतं तिथं माती भरून नेचे लावलेले. दुसऱ्या फोटोत बारची भिंत. भिंतीवर पितळी रेडिएटर, मागे पिवळा दिवा, जाळीतून उजेड येतोय. छान दिसत होतं. खरंच छान दिसत होतं.

काकांनी फोन हातात घेतला. लांब धरला, जवळ धरला. मग विचारलं, "ह्या झाडांक पाणी कोण घालता?"

त्या दुपारी मी वरच्या खोलीत पत्रक लिहिलं. पुतण्याच्या नावानिशी, रिसॉर्टच्या नावानिशी. एवढं चांगलं पत्रक मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. काकांनी ते वाचलं, नेहमीसारखं नाकाशी धरून. ह्या वेळी उकळतंय वगैरे काही म्हणाले नाहीत.

"सगळां खरां आसा, बाये. पण आक्का वाचतली."

मी ते फाडलं. शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या, थोडं आधी काका गेले. झोपेतच. डॉक्टर म्हणाले हृदय. पडवीत पावसाच्या पाण्याच्या बरण्या तशाच होत्या, बूच लावलेल्या. बाराव्याला पुतण्या आला, सगळं व्यवस्थित केलं, रडलाही. आक्काला आणायला त्याने गाडी पाठवली होती, ड्रायव्हरबरोबर. ती आली आणि संध्याकाळी परत गेली. रात्री राहिली नाही.

मग मी हे आता का लिहिते? आक्का वाचतली, हे तर अजूनही खरं आहे.

लिहिते कारण गेल्या महिन्यात मी पेडण्याला तिला भेटायला गेले. शेजारचा एक मुलगा लग्न करून आलाय. त्याने तिला लग्नाआधीचे फोटो दाखवले होते. नवरा-नवरी, मोरजीचं रिसॉर्ट, काळी मॉरिस. फोटो समोरून काढलेला, दोघांनी बॉनेट झाकलेलं. नेचे दिसत नाहीत. दिसते ती फक्त गाडी, पुसलेली, चकचकीत, पुढे हसणारी माणसं.

आक्काने मला चहा दिला. मग म्हणाली, "बरी झाली मगे ती. मग माका न्हेवक कित्याक येणा नाय तो?"

तो, म्हणजे पुतण्या. तिच्या माहेरचा उरलेला एकमेव पुरुष. तिला कळत नव्हतं की आपलं काय चुकलं. गाडी धडधाकट आहे, लोकांना मिरवते, आणि आपल्याला आणायला मात्र कोणी निघत नाही. बाराव्याला रात्री राहिले नाही म्हणून रागावला असेल का, असं तिने मला विचारलं. पंच्याऐंशीच्या घरातली बाई, स्वतःत खोट शोधत बसली होती.

मी तिला खरं सांगितलं नाही. ते सांगणं माझ्याकडे येत नाही. ज्याने बादली ओतली त्याने सांगायचं. काकांनी मरेपर्यंत बहिणीला जे कळू दिलं नाही, ते मी, भाडेकरणीने, चहा पितापिता सांगून मोकळं व्हायचं का?

हे छापून तिच्या हाती पडायला अजून वेळ आहे. चवथीलाही वेळ आहे. आणि तुमच्यापैकी कितीतरी जण त्याआधी मोरजीला जाणार आहात. तुम्हाला ते रिसॉर्ट ओळखायला नावाची गरज नाही, गाडी दारातच आहे. त्या गाडीत बसू नका. बसून काढलेला फोटो फोनमध्ये असेल तर तो पुढे कुणाला पाठवू नका. तो फिरतफिरत पेडण्याच्या एका सोप्यावर पोचतो. आणि आत जा. मालक असतोच, बोलायला गोड आहे, खुर्ची देईल, थंड काहीतरी विचारेल. ते घेऊ नका. उभं राहूनच त्याला सांगा की तुझी आत्या वाट बघते आहे, चवथीच्या आधी पेडण्याला स्वतः जा, ड्रायव्हर नको, तिच्याशेजारी बस, गाडीचं काय झालं ते तुझ्या तोंडाने सांग, आणि मग बस असो, टॅक्सी असो, तिला माहेरी घेऊन ये. तो जाईन म्हणेल. कधी, ते विचारा. दिवस सांगेपर्यंत तिथून हलू नका.